कंबर साडेसव्वीस

लांबी १६२ डब्ल्यू. बर्फात बसणारी कड १२५ सेंटिमीटर. कंबर २६.५ सेंटिमीटर. साइडकटची त्रिज्या ८ मीटर. रायडरचं वजन ८० ते ११० किलो.

उंच आणि मोठ्या पावलांच्या माणसासाठी केलेल्या स्नोबोर्डच्या तक्त्यातली ही एक ओळ. कंपनी कुठलीही असो, या वर्गातले आकडे साधारण याच घरात फिरतात. दुकानात आलेला सहा फूट चार इंची माणूस यातला पहिला आकडा वाचतो, बोर्ड उभा करून हनुवटीला लावून बघतो आणि समाधानाने मान हलवतो. माझी नजर मात्र दर वेळी तिसऱ्या आकड्यावर जाऊन थांबते. बोर्ड घडवणाऱ्याचं सगळं कसब त्या साडेसव्वीसात आहे. लांबीचा अर्थसुद्धा त्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही.

स्कीवर पाऊल लांबीच्या दिशेने असतं. पाऊल ३१ सेंटिमीटरचं असो की २४चं, स्कीच्या रुंदीला त्याचं काही देणंघेणं नसतं. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा राहतो. इथे पावलाची लांबी थेट बोर्डच्या रुंदीवर येऊन पडते. टाच एका कडेला, बोटं दुसऱ्या कडेला, आणि वळण घ्यायचं ते याच दोन कडांवर आळीपाळीने कलून. पावलाच्या मापावरून ज्याची रुंदी ठरावी असं साधन खेळांमध्ये क्वचितच सापडेल, आणि म्हणूनच मोठ्या पावलांच्या माणसाला स्नोबोर्ड विकत घेणं बूट विकत घेण्याइतकंच अवघड जातं.

सुरुवातीला ही अडचण नव्हती. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. त्यातून ‘स्नर्फर’ नावाचं खेळणं बाजारात आलं. त्यावर पाय बांधलेले नसत, पुढच्या टोकाला लावलेली दोरी हातात धरून उभं राहायचं. पाऊल बाहेर गेलं तर जरा तिरकं ठेवायचं, संपलं. पुढे १९७७मध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली. पट्टे आले, बाइंडिंग आली, पोलादी कड आली. १९८३मध्ये व्हरमाँटच्याच स्ट्रॅटन माउंटनने स्नोबोर्डवाल्यांना आपल्या उतारांवर येऊ दिलं. बोर्ड मऊ भुसभुशीत बर्फावरून यंत्राने दाबलेल्या टणक बर्फावर आला आणि पाऊल जागच्या जागी आवळलं गेलं. तिथून पुढे बोर्डबाहेर आलेला प्रत्येक सेंटिमीटर भोवू लागला.

भोवतो म्हणजे काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. बोर्ड कडेवर कलला की त्या बाजूचा बूट बर्फाकडे झुकतो. बोर्डची जाडी आणि बाइंडिंगचा तळ मिळून बुटाचा सोल बर्फापासून सुमारे ३ सेंटिमीटर वर असतो असं धरू. बूट कडेबाहेर ३ सेंटिमीटर आला असेल, तर ४५ अंशांना तो बर्फाला टेकणार. साधं त्रिकोणाचं गणित आहे. टेकला की कड बर्फातून उचलली जाते, वळणाला धरून ठेवणारा आधार क्षणात जातो आणि रायडर कुल्ल्यावर किंवा गुडघ्यांवर आपटतो. वेग असेल तर मनगटावर. यात त्याच्या कौशल्याची चूक शून्य असते. उलट जितका तो चांगला, जितका जास्त कलणारा, तितका हा धक्का लवकर बसतो. शिकाऊ माणूस ३० अंशांपलीकडे कलतच नाही, त्यामुळे पहिला हंगाम बिनघोर जातो आणि हात बसू लागला की अचानक पडझड सुरू होते. आपलंच काहीतरी बिघडलं असं त्याला वाटत राहतं. किती जणांनी या एका कारणापायी खेळ सोडला असेल, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं.

आता साडेसव्वीस. कंबर म्हणजे बोर्डचा मधला, सगळ्यात अरुंद भाग. नेहमीच्या पुरुषी बोर्डची कंबर २५ ते साडेपंचवीस सेंटिमीटर असते, रुंद बोर्ड, म्हणजे डब्ल्यूवाले, २६च्या पुढे सुरू होतात. पण गंमत अशी की कंबरेवर कुणीच उभं राहत नाही. पाय असतात कंबरेच्या दोन्ही बाजूंना, बाइंडिंग जिथे आवळतात त्या इन्सर्टच्या भोकांवर, आणि तिथे बोर्ड रुंदावलेला असतो. किती? ते चौथा आकडा सांगतो. ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी आत कोरला आहे. उंच माणूस पाय साधारण ५८ सेंटिमीटर फाकवून उभा राहतो, म्हणजे प्रत्येक पाऊल मध्यापासून २९ सेंटिमीटरवर. तिथे प्रत्येक बाजूला कड ५ मिलिमीटरहून थोडी जास्त बाहेर आलेली असते. दोन्ही बाजू मिळून एक सेंटिमीटर. कंबर साडेसव्वीस, पण पावलाखाली साडेसत्तावीस! हाच माणूस बुटका असता आणि ५२ सेंटिमीटरवर उभा राहिला असता, तर त्याला यातले दोनेक मिलिमीटर कमी मिळाले असते. उंचीने मागितलेलं थोडंसं उंचीनेच परत दिलेलं आहे. तीच कमान पुढे वाढत वाढत १२५ सेंटिमीटरच्या टोकांशी पोहोचते तेव्हा बोर्ड ३१ सेंटिमीटरच्या वर गेलेला असतो. तिसरा आणि चौथा आकडा एकमेकांत असे विणलेले आहेत, आणि सुटे वाचले तर दोन्हींतली मजा निघून जाते.

माझा भाचा बोस्टनला शिकतो. उंची १९३ सेंटिमीटर, अंगाने सडपातळ, वजन ८४ किलो, पावलं अवाढव्य. पुण्यात त्याच्यासाठी चपला शोधताना त्याच्या आईचा अर्धा दिवस जायचा. व्हरमाँटच्या उतारांवर दोन हंगाम आपटून झाल्यावर तो मला घेऊन बोर्ड बघायला गेला. सवयीने त्याने एक लांबलचक बोर्ड उभा धरला.

“मामा, हनुवटीला लागतोय. म्हणजे बरोबर ना?”

“हनुवटीचं राहू दे. आधी मोजे काढ.”

दुकानाच्या भिंतीला टाच टेकवून तो कागदावर उभा राहिला. सगळं वजन त्या पायावर, गुडघा किंचित वाकलेला, आणि अंगठ्यापुढे पेन्सिलची रेघ. ३०.८ सेंटिमीटर. त्याचा रोजचा बूट अमेरिकी १४ नंबरचा होता आणि स्नोबोर्डचा बूटही त्याने तोच घेतला होता. बर्फाच्या बुटांना पावलाच्या सेंटिमीटरातल्या लांबीवरून माप देतात, मोंडो नावाचं. ३१ मोंडो म्हणजे अमेरिकी १३, आपल्याकडचा ब्रिटिश पद्धतीचा १२. मोठ्या पावलांची माणसं आयुष्यभर टोचणारे बूट घालून वैतागलेली असतात, म्हणून हाती आलं की एक नंबर सैलच घेतात. स्नोबोर्डमध्ये ही सैलाई दुहेरी महाग पडते. आत टाच उचलली जाते आणि बाहेर बुटाची लांबी फुकट वाढते. योग्य मापाचा बूट नवा असताना बोटांना अस्तराचा स्पर्श झाला पाहिजे. अस्तर दाबलं गेलं की जागा आपोआप होते. त्यातही काही कंपन्या बाहेरचा सोल मुद्दाम आखूड ठेवतात, बोटांखाली तो वर वळवतात. भाच्याचा जुना बूट बाहेरून ३४.५ सेंटिमीटर भरला, नवा ३३.५. बोर्डला हात लावण्याआधीच एक सेंटिमीटर वाचला.

मग बोर्ड गालिच्यावर पालथा घातला. उघडं पाऊल बोर्डच्या तळावर, बरोबर इन्सर्टच्या जागी, १५ अंश तिरकं. साध्या बोर्डवर बोटं आणि टाच दोन्हीकडे चांगलीच बाहेर आली. साडेसव्वीसवाल्यावर दोन्हीकडे सेंटिमीटरभर, थोडं जास्त. तो लगेच म्हणाला, “अजून बाहेर येतायत की. याहून रुंद बघू?”

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून इथे रेंगाळायला हवं. बोटं थोडी बाहेर यायलाच हवीत. पुढच्या कडेवर कलताना बर्फ कडेला वर रेटतो आणि माणूस चवड्याने खाली दाबतो. कड चवड्याच्या पुढे लांब गेली, तर तो सगळा पीळ घोटा आणि पोटरी सांभाळत बसतात. दुपारपर्यंत पोटऱ्या दगड होतात, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला बोर्ड घटकाभर विचार करतो की काय असं वाटतं. पाऊल कडेपाशी किंवा तिच्या किंचित बाहेर असेल, तर अंगठा दाबताक्षणी बोर्ड उत्तर देतो. मोठ्या पावलाच्या माणसाला साध्या कंबरेच्या बोर्डवर जसा धोका, तसा अतिरुंद बोर्डवर आळस. साडेसव्वीस हा आकडा या दोहोंच्या मधल्या फटीत नेमका बसलेला आहे, ३१ सेंटिमीटरच्या पावलाकरता. २८च्या पावलाला तोच बोर्ड लाकडी ओंडका वाटेल.

आकड्यांत बघितलं तर हे आणखी खुलतं. नवा बूट १५ अंशांवर ठेवला की बोर्डच्या आडव्या दिशेने तो ३२.४ सेंटिमीटर जागा व्यापतो. पावलाखाली साडेसत्तावीस. राहिले पावणेपाच, म्हणजे दोन्हीकडे जवळपास २.४. बूट आता ५१ अंशांना टेकेल. जुना बूट, साध्या कंबरेचा बोर्ड असता तर हाच हिशेब ४१ अंशांवर संपत होता. दहा अंश! आणि त्या दहा अंशांत पुष्कळ काही आहे. ८ मीटर साइडकटचा बोर्ड ५० अंश कलला की त्याचं कोरीव वळण ५ मीटर त्रिज्येपर्यंत आवळतं. कड एका धारदार रेघेसारखी बर्फ चिरत जाते, मागे घसरल्याची धूळ उडत नाही. उंच माणसाला ते वळण साधतं तेव्हा ते पाहावं. लांब अंग आत झुकलेलं, गुडघे आवळलेले, हात जमिनीशी. बुटक्या रायडरच्या वळणात चपळाई असते, उंच रायडरच्या वळणात विस्तार असतो, आणि मला हा विस्तार अधिक भावतो.

कोनाचा उपाय सगळ्यांनाच आधी सुचतो. पाऊल अधिक तिरकं केलं की आडवी जागा कमी लागते, हे खरंच. पण पहिले १५ अंश फारसं काही देत नाहीत, साडेतेहतीसच्या बुटाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर. १५वरून ३०वर गेलं तर सव्वातीन. फायदा मागाहून येतो, आणि तोवर उभं राहण्याची ढबच बदललेली असते. ऑलिंपिकमधल्या समांतर जायंट स्लालमच्या शर्यतीत बोर्ड अगदी अरुंद असतात आणि दोन्ही पावलं ५०-६० अंश पुढे वळलेली, कडक बुटांत आवळलेली. २०१८मध्ये प्याँगचांगला एस्टर लेडेत्स्का हिने ती शर्यत जिंकली, स्कीवरची सुपर-जी जिंकल्यानंतर आठवडाभरातच. तिथे मोठं पाऊल हा प्रश्नच उरत नाही. पण ज्याला दोन्ही दिशांनी घसरायचं आहे, उड्या मारायच्या आहेत, त्याला बदकासारखी बाहेर वळलेली पावलंच लागतात, आणि त्याच्यासाठी कोन हा कंबरेला पर्याय ठरत नाही. बाइंडिंगखाली सेंटिमीटरभर उंच पट्टी घालण्याचा उपायही आहे. गणित जमतं, पण तळव्यांना बर्फ कळेनासा होतो.

आता कुठे पहिल्या आकड्याकडे वळायला हरकत नाही. बोर्डला माणसाची उंची कळत नाही, वजन कळतं. तळाची कमान किती दबणार, कड किती खोल बसणार, भुसभुशीत बर्फात नाक किती वर राहणार, हे सगळं किलोंवर ठरतं. म्हणून तक्त्यात उंचीचा रकाना नसतो, वजनाचा असतो. ११० किलोचा उंच माणूस आणि ८४ किलोचा उंच माणूस यांची हनुवटी एकाच पातळीवर असेल, बोर्ड एक नसेल. सडपातळ उंच माणसाला १६८ दिला, तर त्याच्याखाली तो वाकतच नाही, फळीसारखा पुढे पळत राहतो. शिवाय रुंद बोर्डचं क्षेत्रफळ त्याच लांबीच्या साध्या बोर्डपेक्षा जवळपास ५ टक्के जास्त. तेवढं तरंगणं रुंदीनेच देऊन टाकलेलं असतं, तेव्हा लांबी दोन-तीन सेंटिमीटर उतरवली तरी काही बिघडत नाही. उंचीला मान द्यायचा तो एका बाबतीत. गुरुत्वमध्य वर असल्यामुळे खडबडीत उतारावर पुढे-मागे झोके जास्त बसतात, त्यासाठी बर्फात बसणारी कड फार आखूड नको. १२५ हा आकडा तेच सांगतो.

गेल्या दशकात याच विचाराचं एक टोक पुढे आलं. राइड कंपनीचा वॉरपिग घ्या. लांबी काढून घ्यायची, रुंदी वाढवायची. पावलं मोठी पण अंगाने हलकी अशा माणसाला तो छान लागू पडतो, विशेषतः पावडरमध्ये. गुलमर्गला अफरवतच्या सुमारे ३९८० मीटर उंचीवरच्या गोंडोला स्थानकातून खाली येणाऱ्या माणसाला टणक बर्फाची चिंता कमी असते. तिथे बूट बर्फात घुसला तरी बर्फ बाजूला होतो, आणि रुंद नाक वर राहतं ही खरी चैन. मराठी मुलंमुली हल्ली तिथे बोर्ड शिकायला जातात. भाड्याने बोर्ड देताना समोरचा लांबी विचारतो, कंबर आपण विचारायची. व्हरमाँटच्या काचेसारख्या सकाळी मात्र हाच आखूड-रुंद बोर्ड उंच माणसाला पुरेशी कड देत नाही. तिथे मला साडेसव्वीसचा, मध्यम कडक, तळाला पायांखाली खरी कमान असलेला बोर्डच हवासा वाटतो.

मोठ्या पावलांचा कैवार घेणारे बोर्ड मोजकेच, पण मनापासून केलेले. बर्टनचा कस्टम १९९६पासून चालत आलेला, आणि त्याची रुंद आवृत्ती १७० सेंटिमीटरपर्यंत जाते. वजनदार माणसाला दुय्यम माल न देता तीच उत्तम घडण मोठ्या मापात देण्याची ती वृत्ती मला आवडते. नायट्रोचा मॅग्नम त्याहून ऐसपैस. वॉशिंग्टन राज्यातल्या लिब टेकने आपल्या बोर्डचं नाव स्कंक एप ठेवलं, फ्लोरिडाच्या दंतकथेतल्या मोठ्या पावलांच्या केसाळ प्राण्यावरून. त्या बोर्डची कड सलग कमानीत जात नाही, तिला हलक्या लहरी आहेत. टणक बर्फावर वजन त्या लहरींच्या माथ्यांवर एकवटतं आणि कड धरते. ज्याचं वजन भरपूर त्याला याचा लाभही भरपूर. आणि कशातच मन रमलं नाही, तर कोलोरॅडोतल्या डोनेकसारखे कारागीर सांगाल ती कंबर कोरून देतात.

भाच्याने १६२ घेतला नाही. तोच बोर्ड १५९ डब्ल्यूमध्ये होता, कंबर तेवढीच, कड दोन सेंटिमीटर आखूड, आणि ८४ किलो त्याच्या वजनाच्या पट्ट्यात मधोमध बसत होते. राहिलं शेवटचं काम, जे दुकानात घाईघाईने उरकतात. बाइंडिंगची चकती एका भोकाने जरी टाचेकडे सरकली, तरी मिळवलेली सगळी रुंदी एका कडेवर उधळली जाते. बूट बाइंडिंगमध्ये आवळून, बोर्ड आडवा धरून, टाचेकडचा आणि बोटांकडचा भाग पट्टीने मोजायचा. टाचेकडे ३ सेंटिमीटर आणि बोटांकडे पावणेदोन आलं. टाच धरणारा हीलकप एका खाचेने आत घेतला, चकती बोटांकडे सरकवली, बोटांखालची पायरी पुढे ओढली, पुन्हा मोजलं. दोन्हीकडे २.४. मग स्क्रू आवळले.